दहा बाय दहाच्या खोलीतला मोठा साउंड

गेल्या श्रावणात एक पोरगा पेनड्राइव्ह घेऊन माझ्याकडे आला. वय बावीस, घर कोल्हापूरच्या राजारामपुरीत, दिवसा उद्यमनगरात सीएनसी मशीनवर आणि रात्री एफएल स्टुडिओ या गाणी बांधायच्या सॉफ्टवेअरवर. मंडळाच्या आगमन मिरवणुकीसाठी त्यानं साडेतीन मिनिटांचा ट्रॅक केला होता. वेग मिनिटाला १२८ ठोके, सूर पांढरी सहा, खाली प्रत्येक ठोक्याला किक ड्रम, मध्ये हलगी-घुमकं-कैताळ ही तालवाद्यं, वर सुपरसॉ नावाच्या सिंथ आवाजाची लीड (मुख्य धून) आणि पोरांचा गजर. तक्रार एका दमात सांगून टाकली. "दादा, हेडफोनवर नाद खुळा वाजतंय. साउंडवाल्याच्या गोडावनात लावून बघितलं तर नुसता पत्र्याचा डबा."

मी मिक्सिंग करतो. त्याआधी चार वर्षं साउंडवाल्याच्या टेम्पोत बसून केबली गुंडाळल्यात, त्यामुळं "घरात भारी, बाहेर बारीक" ही तक्रार मला नवी नाही. तरी हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं, कारण यात दोन चुका एकमेकींना झाकून बसल्या होत्या. एक काढल्यावर दुसरी अंगावर आली, आणि आली तेव्हा शेजारी मीच उभा होतो. पोराला विचारून, त्याचं नाव न घालता लिहितोय.

प्रोजेक्ट उघडला तेव्हा

७४ चॅनल. त्यात लीडचेच ११ थर. सुपरसॉ हा प्रकार रोलँडच्या जेपी-८००० या १९९६ च्या सिंथमुळं रूढ झाला. एकाच स्वराच्या सात करवती लाटा घ्यायच्या आणि त्या एकमेकींपासून किंचित बेसूर करायच्या, की आवाजाला रुंदी येते. या पोराच्या ११ थरांत प्रत्येकी सात, म्हणजे एका स्वराला ७७ लाटा. एवढ्या गर्दीत कुठल्याच लाटेची कड शिल्लक राहत नाही. उरतो तो शिट्टी व्हायच्या आधी कुकर करतो तसा फस्स आवाज.

मास्टरवर, म्हणजे सगळे चॅनल एकत्र येतात तिथं, लिमिटर (ठरल्या पातळीच्या वर आवाज जाऊ न देणारं साधन) ९ डीबी (डेसिबल) दाबत होता. लाउडनेस मीटर उणे ५.८ लफ्स दाखवत होता. लफ्स म्हणजे कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितका ट्रॅक मोठा. उणे ५.८ म्हणजे भिंतीला नाक लावून उभं राहणं. ट्रू पीक, म्हणजे लाटेचं खरं टोक, तर शून्याच्या वर ०.९ डीबी.

हे आकडे बघून सगळं खापर लिमिटरवर फोडायचा मोह होतो. पण अति दाबलेला ट्रॅक सिस्टीमवर सपाट आणि थकवणारा वाजतो, पोकळ वाजत नाही. पत्र्याचा डबा वाजतोय म्हणजे खालून काहीतरी गेलंय. म्हणून मी आधी मोनोचं, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र करायचं बटण दाबलं.

लीड निम्म्यावर आली. बेस जागेवरच नाही.

मिरवणुकीची सिस्टीम मोनोच असते, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ट्रॉलीवर बेसच्या आणि टॉपच्या (वरच्या स्वरांच्या) स्पीकरची थप्पी, लोक चारी बाजूंनी, कुणी डाव्या अंगाला नाचतंय तर कुणी मागं चालतंय. तिथं डावा-उजवा असा भेद ठेवला तर निम्म्या लोकांना निम्मंच गाणं ऐकू येईल. साउंडवाला मिक्सरमध्येच दोन्ही बाजू एकत्र करतो आणि पुढं पाठवतो. (आपल्याकडं या थप्पीला सरसकट डॉल्बी म्हणतात. ज्या माणसाचं हे नाव, त्यानं १९६५ मध्ये लंडनला कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करण्याच्या कामासाठी. कोल्हापुरात त्या नावाचं काय झालं हे त्याला दाखवायला हवं होतं.)

आता बेस का गेला ते. पोरानं बेसवर रुंदी वाढवणारं प्लगइन लावलं होतं, आणि ते आतून एवढंच करत होतं की उजवी बाजू डावीपेक्षा ९ मिलिसेकंद उशिरा सोडायची. उशीर इतका कमी असला की कानाला दोन आवाज ऐकू येत नाहीत, एकच आवाज पसरल्यासारखा वाटतो. हेडफोनवर हे भारीच लागतं, कारण तिथं डाव्या कानाचा आवाज उजव्यात मिसळत नाही. पण दोन्ही बाजू एकत्र केल्या, की ज्या लाटेचा अर्धा फेरा बरोबर ९ मिलिसेकंदांत होतो तिचा चढ आणि उतार एकमेकांवर येऊन ती संपते. एक भागिले अठरा मिलिसेकंद करून बघा: ५५.६ हर्ट्झ. पांढरी सहाचा खालचा स्वर ५५ हर्ट्झ. नेम धरून मारला असता तरी इतका बरोबर लागला नसता.

यातला सगळ्यात वाईट भाग पुढं आहे. लिमिटर बसला होता दोन्ही बाजू एकत्र होण्याच्या आधी. त्याला डावीकडं पूर्ण बेस दिसत होता आणि उजवीकडंही, त्यामुळं प्रत्येक बेसच्या स्वराला तो लीड, हलगी, गजर सगळ्यांना खाली ढकलत होता. मग मोनो होऊन तो बेसच गायब. म्हणजे गोडावनात उभ्या असलेल्या माणसाला बेस ऐकू येत नव्हता, पण बेसनं खाल्लेली जागा मात्र रिकामी ऐकू येत होती.

मी त्याला सांगितलं, बेसवरचं ते प्लगइन काढ, १२० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो कर, लीडच्या ज्या प्रती उशिरा सोडल्यायत त्या फेकून दे. त्यानं घरी जाऊन तसं केलं. मी मध्ये एकदा ऐकायला पाहिजे होतं. बेसचा ईक्यू (कुठला पट्टा किती चढवला-उतरवला ते) तर मी उघडूनसुद्धा बघितला नव्हता. आळस केला.

गोडावन, दुसरी खेप

उचगावच्या बाजूला एका साउंडवाल्याचं पत्र्याचं शेड आहे. ओळखीचा माणूस, दुपारचं सामान रिकामं असलं की दोन बेस एक टॉप लावून देतो. आवाज निम्म्याहून कमी ठेवला होता. पोरानं प्ले दाबलं आणि पहिल्याच बेसच्या स्वराला शेडचा पत्रा गुरगुरायला लागला. किक कुठला आणि बेस कुठला ते कळेना. हलगी तर गाळात रुतल्यासारखी. साउंडवाला एक शब्द बोलला नाही. पुढं आला आणि बेसचा आवाज स्वतःच खाली ओढला. साउंडवाल्यानं असं केलं, की त्याचा अर्थ आपण समजून घ्यायचा असतो.

पोरगा माझ्याकडं बघायला लागला. "दादा, घरात तर मला अजून कमीच वाटत हुता. म्हणून दोन डीबी चढवला."

तेव्हा मी ईक्यू उघडला. ५५ हर्ट्झवर आधीचाच ७ डीबीचा डोंगर उभा होता आणि त्यावर हे नवीन दोन. पहिल्या खेपेला ९ मिलिसेकंदांच्या उशिरानं हा डोंगर गिळला होता. मी उशीर काढला आणि डोंगर उघडा पडला.

प्रश्न बदलला. सात डीबी चढवूनही ज्याला बेस कमी वाटतो, तो माणूस बसतो कुठं?

खोली

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. पहिल्या मजल्यावर दहा बाय दहाची खोली, स्लॅबची उंचीही दहा फूट. भिंतीवर अंड्याचे ट्रे चिकटवलेले. ते काढ म्हणून मी आल्या आल्या सांगितलं, कारण पुठ्ठ्याच्या ट्रेला बेस ओळखतसुद्धा नाही, आणि वर पाल जाऊन बसते. खुर्ची मात्र खोलीच्या बरोबर मध्यभागी. का, विचारलं तर म्हणाला, चारी बाजूंनी सारखा आवाज यावा म्हणून. डोकं लावून ठेवली होती, आणि नेमकी तिथंच ठेवायला नको होती.

ट्रॅक बंद केला आणि सिंथमधून नुसता ५५ हर्ट्झचा साधा स्वर सोडला, एकसारखा. त्याला खुर्चीत बसवलं. "काय ऐकायलायस?"

"उगं बारीक घूं करतंय."

"आता ऊठ आणि दाराच्या कोपऱ्यात जा."

तो उठला. चार पावलं गेला असेल, त्याचा चेहरा बदलला. कोपऱ्यात पोचला आणि हात भिंतीला लावून उभा राहिला. भिंत थरथरत होती. परत मध्ये आला, स्वर विरला. परत कोपरा, परत मध्य. तिसऱ्यांदा जायला लागला तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई आल्या, हाताला पीठ. "आरं, कसला घुमा आवाज यायलाय? मांडणीवरची झाकणं नाचायला लागलीत. मिक्सर चालू ऱ्हायला काय?"

भिंतीपलीकडच्या झाकणांना जो बेस कळत होता तो त्या खुर्चीतल्या पोराला कळत नव्हता.

हिशेब अवघड नाही. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींत जी लाट बरोबर अर्धी मावते ती तिथं अडकून उभी राहते. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. ३४५ भागिले दुप्पट लांबी, साडेछप्पन हर्ट्झ. अशा उभ्या लाटेचा दाब भिंतीशी सगळ्यात जास्त आणि बरोबर मध्यावर जवळपास शून्य. आयताकृती खोलीत लांबी, रुंदी, उंची यांची ही तीन ठिकाणं वेगवेगळ्या स्वरांवर वाटली जातात. घनाकृती खोलीत तिन्ही एकाच स्वरावर येऊन बसतात. पोराची खोली घनाकृती, गाण्याचा खालचा स्वर त्या साडेछप्पनच्या दारात, आणि खुर्ची मध्यावर.

इथून मागं जाऊन बघितलं की सगळं जुळतं. खुर्चीत बेस ऐकू येत नाही, म्हणून सात डीबी चढवला. तरी येत नाही, म्हणून कुठल्याशा व्हिडिओतलं रुंद करायचं प्लगइन लावलं. त्यानं बेस आणखी गेला, कारण दोन स्पीकरचा आवाज त्या खुर्चीपाशी हवेतच एकत्र होतो आणि तिथंही ९ मिलिसेकंदांचा तोच खेळ होतो. मग तो हेडफोनवर विसंबायला लागला, तिथं बेस उदंड. लिमिटर त्या बेसनं दाबला जायला लागला तेव्हा ट्रॅक लहान वाटायला लागला, म्हणून लीडचे थर वाढत ११ वर गेले. एकही पाऊल येड्यासारखं नव्हतं. जे ऐकू येत होतं त्यावरचा उपाय प्रत्येक वेळी बरोबर होता, ऐकू येणारंच चुकीचं होतं.

टेबल समोरच्या भिंतीकडं सरकवलं. कान त्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर येतील असं, म्हणजे लांबीच्या ३८ टक्क्यांच्या आसपास. या आकड्याची काही पोथी नाही, फक्त मध्यही टळतो आणि भिंतही. मागच्या भिंतीवर दोन जाड वाकळा टांगल्या. त्यांनी टाळीचा खणखणाट मेला, बेसला त्यांचा काही उपयोग नाही. साडेछप्पन हर्ट्झच्या लाटेची लांबी सहा मीटरच्या वर, चार बोटांच्या कापडाला ती काय दाद देणार. खालच्या दोन सप्तकांपुरतं हेडफोनवरही तपासायचं असं ठरवलं. गाण्याचा सूरच खाली घ्यावा का, हाही विचार झाला. पांढरी पाच घेतली तर खालचा स्वर ४९ वर जातो आणि खोलीचा त्रास कमी होतो. पण पोरांचा गजर रेकॉर्ड झालेला, आणि त्यांना पुन्हा एकत्र करायचं म्हणजे तीस जणांचा वडापाव.

खुर्चीत बसून पुन्हा ट्रॅक लावला. चार सेकंदांत त्यानं स्वतःच माउस धरला आणि ५५ वरचा डोंगर खाली ओढत नेला. मी काही बोललो नाही.

पुन्हा बांधणी

पहिलं काम म्हणजे तुलना. त्याच्या आवडीचे तीन तयार ट्रॅक प्रोजेक्टमध्ये घेतले आणि सगळ्यांची जाणवणारी पातळी सारखी केली. हे केल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही, कारण मोठा आवाज माणसाला नेहमीच चांगला वाटतो. फ्लेचर आणि मनसन यांनी १९३३ मध्ये दाखवून ठेवलंय की आवाज कमी असताना आपला कान खालच्या आणि वरच्या टोकाला कमी ऐकतो, मोठा झाला की ती टोकं भरून येतात. म्हणून फक्त आवाज वाढवला तरी मिक्स "भरल्यासारखं" लागतं. पातळी सारखी केल्यावर उणे ५.८ चा आमचा ट्रॅक त्या तिघांत सगळ्यात लहान वाटत होता.

मग किक आणि बेस. किकचा नमुना ४०० मिलिसेकंद लांब होता. १२८ च्या वेगात दोन ठोक्यांतलं अंतर ४६९ मिलिसेकंद, म्हणजे किकची शेपटी जवळपास पुढच्या किकच्या पायापर्यंत. ती २१० वर कापली. बेसवर साइडचेन लावला: किक आला की बेस लगेच खाली, आणि साधारण १६० मिलिसेकंदांत हळूच परत वर. इथं आकड्यापेक्षा पायाचा ठेका बघायचा, बेस परत येण्याची वेळ चुकली तर गाणं लंगडतं. शेवटी बेसवर थोडं सॅच्युरेशन. त्यानं ५५ च्या वर ११०, १६५, २२० असे स्वर तयार होतात. मोबाइलच्या स्पीकरमधून ५५ हर्ट्झ बाहेर येणं शक्यच नाही, पण वरचे हे तीन आले की मेंदू खालचा स्वर स्वतः भरून घेतो. पोराच्या मोबाइलवर लावलं तेव्हा आई म्हणाल्या, आता गाण्यासारखं वाटतंय.

लीडचे ११ थर जाऊन तीन राहिले. एक मध्यभागी, मोनो, अंगापिंडानं मजबूत. दुसरा डावी-उजवीकडं, पण एकाच आवाजाची उशिरा सोडलेली प्रत नव्हे. दोन बाजूंना दोन वेगळे पॅच, वेगळं डीट्यून, त्यामुळं एकत्र केले तरी एकमेकांना मारत नाहीत. तिसरा एक सप्तक वर, नुसती हवा. तिन्हींचं १५० हर्ट्झच्या खालचं कापलं. आधी प्रत्येक थरावर वेगळा रिव्हर्ब (खोलीत घुमल्याचा परिणाम) होता, आता सगळ्यांना मिळून एक, त्याचं ३०० च्या खालचं काढलेलं आणि सुरुवात २५ मिलिसेकंद उशिरा, म्हणजे मूळ आवाज पुढं राहतो आणि खोली त्याच्या मागं उघडते. मास्टरवरची पातळी एवढी उतरली की आधी लिमिटर नऊ डीबी खात होता, तो आता दोनवर गप्प.

हलगी

माझ्या मते ट्रॅक खरा बदलला तो इथं. पोराची हलगी होती व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या कुठल्यातरी व्हिडिओतून उचललेली. दोन वेळा दाबली गेलेली, कडा झिजलेली, मागं हॉर्न आणि शिट्ट्या. तिला मोठं करायला त्यानं तिच्यावरच तीन कंप्रेसर (मोठे आणि बारीक आवाज एका पातळीला आणणारे) घातले होते, त्यामुळं हॉर्न मोठे झाले.

मंगळवार पेठेतल्या एका तालमीतले वाजवणारे ओळखीचे निघाले. खासबागेत कुस्ती जमवायची तर हलगी-घुमकं-कैताळ यांच्याशिवाय पान हलत नाही, तशी ही माणसं. पावसाळी दुपार, तालमीत मातीचा ओलसर वास. काका आले, हलगी हातात घेऊन एकदा बोटानं टिचकी मारली, तोंड वाकडं केलं आणि बाहेर पायरीवर कागद पेटवून हलगी त्याच्यावर धरली. ओल्या हवेत कातडं पाणी धरतं, सैल पडतं आणि आवाज बसतो. आच लागली की ताणतं. थोड्या थोड्या वेळानं ते टिचकी मारून ऐकत होते. टप टप असा बसका आवाज हळूहळू टण् टण् व्हायला लागला. कडेवरचा आवाज काचेसारखा झाला तेव्हा म्हणाले, "हं, लावा तुमचं यंत्र."

यातून एक धडा त्या दुपारीच मिळाला. पहिला टेक संपेपर्यंत हलगी थंड व्हायला लागली होती. दुसऱ्या टेकला सूर उतरलेला, साध्या कानाला कळेल इतका. पहिल्याचा अर्धा आणि दुसऱ्याचा अर्धा जोडला असता तर जोड उघडी पडली असती. मग दर टेकच्या आधी शेकायचं ठरवलं, आणि एका टेकमध्ये जे मिळेल ते. दहा टेक झाले, काकांचा अर्धा पेपर जळाला.

दोन माइक लावले होते. एक हलगीपासून दोन फुटांवर, दुसरा बारा फुटांवर तालमीच्या आतल्या भिंतीकडं तोंड करून, ती जागा पकडायला. हलगीची थाप म्हणजे सुई असते, म्हणून रेकॉर्डिंगची पातळी मुद्दाम खाली ठेवली, सगळ्यात उंच थापही उणे १२ च्या वर जाणार नाही अशी. घरी येऊन दोन्ही माइक एकत्र ऐकले तर हलगीचं अंग गेलेलं. पोरगा हसायलाच लागला. दोन माइकमध्ये दहा फुटांचं अंतर, आवाजाला ते कापायला लागतात जवळपास ९ मिलिसेकंद. बेसमधून हाकललेला पाहुणा मागच्या दारानं आला होता. या खेपेला उत्तर पोरानंच दिलं. लांबच्या माइकचा ट्रॅक त्यानं तेवढाच अलीकडं, लवकर वाजेल असा ओढला, थाप थापेला मिळाली आणि हलगी जागेवर उभी राहिली. मग त्याची एक प्रत बनवली, घुमक्यासकट, तिला कंप्रेसरनं पार चेचली आणि मूळ हलगीच्या खाली बारीक आवाजात ठेवली. थापेची सुई मूळ ट्रॅकमधून येते, तिच्या मागची धग चेचलेल्या प्रतीतून.

ड्रॉपच्या आधीचे चार ठोके आता फक्त ही हलगी आहे. मध्यभागी, मोनो, रिव्हर्ब नाही, आणि बाकी ट्रॅकपेक्षा दोन डीबी खाली. त्यानंतर किक, बेस, रुंद लीड, गजर एकदम. पूर्वी ड्रॉपच्या आधी स्नेअर रोल, रायझर, स्फोटाचे आवाज अशी सगळी आतषबाजी होती, त्यामुळं ड्रॉपला मोठं व्हायला जागाच नव्हती. पोराला हे चार ठोके सुरुवातीला रिकामे वाटले. "दादा, लोक थांबतील." थांबू देत म्हटलं, थांबलेला माणूसच उडी मारतो.

तिसरी खेप, आणि आकडे

तेच शेड, तेवढाच आवाज. साउंडवाल्यानं या वेळी बेसच्या नॉबला हात लावला नाही. चार ठोक्यांच्या हलगीला त्याचा एक पोरगा केबल गुंडाळायचा थांबला. मला तेवढं पुरेसं होतं.

शेवटचा मास्टर उणे ९ लफ्स, ट्रू पीक उणे १. पोराला तीन डीबी गेल्याचं वाईट वाटत होतं. पण सिस्टीमवर साउंडवाला आवाज लावणार तो स्वतःच्या अंदाजानं, आपला ट्रॅक तीन डीबी कमी आला तर तो नॉब थोडा वर जातो, एवढंच. ऑनलाइन तर उलटंच आहे. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला गाण्यांची पातळी उणे १४ लफ्सच्या आसपास आणतं. उणे ५.८ चा ट्रॅक तिथं गेला असता तर सव्वाआठ डीबी खाली ओढला गेला असता, आणि चेचलेल्या थापा तेवढ्या शिल्लक राहिल्या असत्या.

आवाजाच्या मर्यादेवर बोलल्याशिवाय कोल्हापुरात या विषयावर लिहिता येत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, आणि रात्री दहानंतर स्पीकर बंद. मिरवणुकीत काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय, ऐकलंयही. मी स्वतः टेम्पोत बसायचो त्या काळाची शिट्टी अजून माझ्या डाव्या कानात वाजते. म्हणून तिन्ही खेपांना आम्ही सिस्टीम निम्म्याखाली ठेवली होती, आणि निम्म्याखाली जो ट्रॅक मोठा वाटत नाही तो माझ्या लेखी झालेलाच नाही.

आगमनाच्या दिवशी मी जनता बझार चौकाच्या अलीकडं उभा होतो. बेस नीट होता, किक वेगळा कळत होता, गजराचे शब्द शेवटच्या माणसापर्यंत पोचत होते. एक गोष्ट मात्र आमच्या दोघांच्याही नजरेतून सुटली होती. कैताळ टॉपच्या हॉर्नमधून कानाला टोचत होतं. पोराच्या छोट्या स्पीकरवर आणि माझ्याकडंही ते गोड वाजायचं, शेडमध्ये आवाज कमी असल्यानं टोचलं नाही. तीन-चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात दोन डीबी उतरवायला हवेत. पोरानं तिथूनच मला बोटानं कान दाखवला, मी मान हलवली.

खोलीचं मात्र अजून मिटलेलं नाही. टेबल नव्या जागी सरकल्यापासून आईंच्या लोखंडी कपाटाचं दार अर्धंच उघडतं. त्यामुळं रोज सकाळी टेबल, स्पीकर, खुर्ची मागं जातं आणि रात्री कामावरून आल्यावर पुढं येतं. परवा गेलो तेव्हा फरशीवर इन्सुलेशन टेपच्या सात लाल फुल्या होत्या. चार टेबलाच्या पायांच्या, दोन स्पीकरच्या स्टँडच्या आणि एक खुर्चीची.